मंडळीच्या गळ्यात पुन्हा गाणं

7 ऑक्टोबर 2021 ला कोविडमुळे बंद असलेली महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं दुसऱ्यांदा उघडली, तेव्हा आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, परतलेल्या माणसांना सगळं लख्ख आठवत होतं. कुणाचं बाक कुठलं, दानाची पिशवी कुठल्या बाजूने फिरते, आशीर्वादाच्या वेळी कधी उभं राहायचं. गाणं मात्र परत आलं नाही. गीत सांगितलं जायचं, पुढे स्टेजवर पाच-सहा तरुण माइक धरून गायचे आणि बाकीची मंडळी उभी राहून त्यांच्याकडे बघायची. काहींचे ओठ हलायचे. बऱ्याच जणांचे तेही हलत नव्हते.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली. मी तिथेच वाढले, रविवारच्या शब्बाथ शाळेत तिथेच शिकले, आणि पेटीही तिथल्याच एका वयस्कर पेटीवाल्यांच्या शेजारी बसून शिकले. पोटापाण्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, म्हणून अख्खं गाव मला सिस्टर म्हणतं. साथीत गाणं बंद का केलं होतं, हे मंडळीला समजावून सांगणारीही मीच होते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यात, 10 मार्च 2020 ला एका गायकवृंदाची तालीम झाली. 61 जण जमले होते, त्यांतले 53 आजारी पडले आणि दोघे दगावले. एकत्र गाण्यातून हा रोग कसा पसरतो ते जगाला त्या तालमीने दाखवलं. त्यामुळे नोव्हेंबर 2020 मध्ये चर्च पहिल्यांदा उघडलं तेव्हा गाणं नको, मनातल्या मनात म्हणा, असं मी स्वतः उभी राहून सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. पण पथ्य कधी सुरू करायचं तसं कधी सोडायचं हेही रोग्याला सांगावं लागतं. ते कुणी सांगितलं नाही. लोक घरी मोबाईलवर उपासना बघायला शिकले होते, आणि चर्चमध्ये येऊनही बघतच राहिले.

एका रविवारी उपासना संपल्यावर आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सिस्टर, आज प्रभुभोजनाच्या वेळी मी वेदीजवळ उभा होतो. भाकर वाटताना मला एकाही बाकावरून आवाज आला नाही. सगळं स्पीकरमधून येत होतं. गायनाचं आता तुम्ही हातात घ्या."

हातात घ्यायचं म्हणजे काय करायचं, ते मला लगेच सुचलं नाही. आधी काही रविवार मी पेटी सोडून शेवटच्या बाकावर बसले. पुढे बसून जे कळत नाही ते तिथे कळतं. पहिली गोष्ट ही, की तिथे मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. दोन मोठे स्पीकर, ड्रम आणि कीबोर्डचा ट्रॅक. शेजारची बाई गातेय की नाही हेही समजत नव्हतं. माणूस समूहात गातो ते शेजाऱ्याच्या आधाराने. आपल्या डाव्या-उजव्या हाताला कुणीतरी गातंय हे कानावर पडलं की भीड चेपते. ते ऐकूच आलं नाही तर गळा आपोआप मिटतो. भक्ती कमी झाली, लोक थंड पडले, अशी बोलणी मंडळीत खूप चालली होती, तरुणांवर राग काढणारीही चालली होती. मला मागच्या बाकावरून दिसलं ते असं, की लोकांना गायची जागाच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाणं कुठल्या सुरावरून धरायचं त्याची. पेटीवाल्यांना कळेल असं सांगते. आमचे तरुण यूट्यूबवरून गाणी उचलायचे, आणि ती गाणी तयारीच्या गायिकेने काळी चार नाहीतर काळी पाचला, म्हणजे पेटीवरच्या उंच पट्टीत, म्हटलेली असतात. तीच पट्टी मंडळीला दिली की पुरुषांची पंचाईत होते. खाली गेलं तर आवाज घुमतो, शब्द उमटत नाहीत; बायकांच्या सप्तकात जायचं तर अंतऱ्याला घसा फाटतो. बायकासुद्धा तार गंधाराच्या पुढे गप्प होतात. रोज उसात, कांद्यात काम करणाऱ्या बाईने सकाळी दहा वाजता त्या उंचीला जावं ही अपेक्षाच चुकीची.

तिसरी गोष्ट म्हणजे दर रविवारी नवं गाणं. पडद्यावर शब्द यायचे, पण शब्द वाचून चाल कळत नाही. लोकांना एक गाणं जरा कुठे तोंडात बसतंय तोवर ते गेलेलं असायचं.

मग मी घरोघर फिरले. ड्युटीवरून सुटले की एक-दोन घरं करायची. प्रत्येक घरी एकच विचारायचं: पुस्तक न उघडता, पूर्ण, सगळ्या कडव्यांसकट तुम्हाला कुठली गीतं येतात? वहीत लिहून घेत गेले. या फेऱ्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या शिबिरातही मिळालं नसतं. तिशीच्या आतल्या बहुतेकांना पूर्ण येणारी गीतं म्हणजे नाताळची दोन-चार. चाळिशी-पन्नाशीच्यांना ध्रुवपदं भरपूर, कडवी अर्धी. आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक आजी, ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नाही, त्या चुलीपाशी बसून एकामागून एक गीत म्हणत राहिल्या. मी लिहून दमले. एका गीतात येशूचा जन्म, दुसऱ्यात डोंगरावरचा उपदेश, तिसऱ्यात उधळ्या पुत्राचा दाखला, मग वधस्तंभ, मग रिकामी कबर. त्यांनी शास्त्र (बायबल) वाचलं नव्हतं, गायलं होतं. त्यांच्या पिढीचं सगळं ख्रिस्ती शिक्षण या गीतांतून झालं होतं, आणि ते इतकं पक्कं होतं की शेळीला हाकलताना मध्येच तुटलेली ओळ त्या शब्द न चुकता पुन्हा उचलत होत्या.

आमच्या भागात हे असंच घडलेलं आहे. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, 1831 पासून नगरला काम सुरू झालं. त्यांनी त्यांच्याकडची गीतं, त्यांच्याकडच्या चाली आणल्या. पण खेड्यांतल्या माणसांच्या तोंडी ख्रिस्ताचं नाव बसलं ते ओवी, अभंग, साकी, दिंडी आणि पदांच्या चालींतून. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनं केली, गीतं रचली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर या गायनाचं रूपच बदलून टाकलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला आणि 1919 मध्ये वारलेला हा कवी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा, आणि त्याची गीतं म्हणताना ते पटतं. 'उपासना संगीत' हे आमचं गीतपुस्तक उघडा. पानोपानी त्यांचं नाव सापडतं. ही गीतं स्टेजसाठी लिहिलेली नाहीत. त्यांची ठेवणच अशी आहे की एकाने पुढे व्हावं आणि बाकीच्यांनी झील धरावी. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही, ज्याची नजर गेलीय, जो आज पहिल्यांदाच दारात आलाय, तोही दुसऱ्या कडव्यापर्यंत गाण्यात सामील होतो.

वही घेऊन मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या सभेत गेले. विरोध होईल हे माहीत होतं. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, "सिस्टर, गळा देवाने ज्यांना दिलाय त्यांनी गावं. आम्ही ऐकतो, त्यातही भक्ती होते. उगाच बेसूर कालवा कशाला?" दुसऱ्यांना वाटत होतं की स्टेजवरचं गायन बंद केलं तर पोरं शेजारच्या गावातल्या सभांना जायला लागतील. ही दोन्ही म्हणणी मनापासूनची होती, मी त्यांना हलकं मानत नाही. ऐकण्यातही भक्ती असते; उपदेश आपण ऐकतोच की.

पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं. कलस्सैकरांस पत्र, तिसरा अध्याय, सोळावी ओवी, म्हणजे वचन. स्तोत्रं, गीतं गाऊन एकमेकांना शिकवा, एकमेकांना बोध करा, असं प्रेषित पौल तिथे मंडळीला सांगतो. गायकांना नाही, सगळ्यांना. म्हणजे मी गाते ते देवासाठी तर आहेच, पण माझ्या शेजारच्या बाकावरच्या विधवेसाठीही आहे. तिला आज स्वतःहून "देव विश्वासू आहे" म्हणता येत नसेल, तर ते तिच्या कानात कुणी म्हणायचं? स्पीकरने? मग मी मत्तयाचा 26 वा अध्याय काढला. शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन येशू आणि त्याचे शिष्य जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असं तिसाव्या ओवीत आहे. वल्हांडणाच्या जेवणाला यहुदी लोक 113 ते 118 ही स्तोत्रं गात असत. प्रभू स्वतः त्या रात्री, धरला जाण्याच्या काही घटका आधी, कोळी आणि जकातदार यांच्याबरोबर गायला. त्या माडीवर ऐकणारं कुणी बसलेलं नव्हतं. शिष्य पेत्राचा गळा कसा होता, ते शुभवर्तमानात कुणी लिहून ठेवलेलं नाही.

त्या ज्येष्ठ पंचांना मी आणखी एक सांगितलं. युरोपात शेकडो वर्षं मंडळी अशीच उभी राहून ऐकत होती. गायन पाळकवर्गाचं आणि गायकवृंदाचं, तेही लॅटिनमध्ये. 1524 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या मंडळींची पहिली गीतपुस्तकं छापली गेली. त्यातलं एक तर फक्त आठ गीतांचं होतं. आठ गीतं, पण लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या तोंडी. धर्मसुधारणा पोथ्यांतून पसरली तितकीच या गाण्यांतून पसरली. आपण प्रॉटेस्टंट म्हणवतो आणि गाणं परत स्टेजला देऊन टाकतो, हे मला पटत नाही, असं मी स्पष्ट बोलले. सभेत थोडी शांतता झाली. शेवटी ठरलं: नाताळपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) सिस्टरना करू द्या, मग बघू.

पहिला बदल जागेचा केला. तरुणांना स्टेजवरून खाली आणलं आणि दोघा-दोघांना वेगवेगळ्या बाकांवर, माणसांमध्ये बसवलं. माइक एकच ठेवला, तोही गीत सांगण्यापुरता. गाणं सुरू झालं की मी तो बाजूला करायची. ड्रम बंद, तबला आणि झांजा सुरू. पहिल्या रविवारी आवाज इतका बारीक झाला की पंख्यांची घरघर त्याच्या वर ऐकू येत होती. पोरं हिरमुसली. पण मला पहिल्यांदा चौथ्या बाकावरून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, जो इतकी वर्षं तिथे होताच.

दुसरा बदल पट्टीचा, आणि यात माझा बराच वेळ गेला. प्रत्येक गीताची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जागा पेटीवर शोधायची. वरची जागा वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ द्यायची नाही, खालची मंद्र सप्तकातल्या पांढरी सहाच्या खाली उतरू द्यायची नाही. गाणं मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत फिरत असेल तर काळी एक बरी. मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरत असेल तर षड्ज पांढरी चारला. 'उपासना संगीत'च्या माझ्या प्रतीत प्रत्येक वापरातल्या गीताच्या डोक्यावर पेन्सिलीने पट्टी लिहून ठेवली आहे. हे काम कुणालाही करता येईल. संगीत विशारद असावं लागत नाही, पेटीवर बोट फिरवता यावं आणि मंडळीतल्या सर्वसाधारण माणसाचा गळा कानात असावा.

तिसरं, शिकवणं. उपासनेआधी दहा मिनिटं मी पुढे उभी राहायची. पुस्तकं बंद. मी एक ओळ म्हणायची, मंडळीने झेलायची. पुन्हा. मग पुढची. महिन्याला एकच गीत, आणि ते महिनाभर दर रविवारी उपासनेत गायचं, कंटाळा आला तरी. दुसऱ्या आठवड्यात लोक नको म्हणतात. चौथ्या आठवड्यात विहिरीवर, स्कूटरवर, भाकरी थापताना तेच म्हणत असतात. त्याशिवाय एक नियम घातला: शेवटचं कडवं पेटी-तबला थांबवून म्हणायचं. सुरुवातीला त्या जागी सगळे गडबडायचे, गाणं जवळजवळ पडायचं. मी मुद्दाम आधार द्यायची नाही. हळूहळू लोकांना कळलं की इथे आता आपल्यावाचून कुणी नाही. आमच्या दगडी भिंती आणि उंच कौलारू छप्पर याच आवाजासाठी बांधलं असावं असं मला वाटतं. स्पीकरला ते दणाणतं, माणसाच्या आवाजाला भरून येतं.

कीबोर्डवाल्या मुलाबद्दल सांगायलाच हवं. त्याचं मन दुखावलं होतं. तो बरेच दिवस गप्प होता, मग एका संध्याकाळी घरी आला. "काकू, आमचं वाजवणं देवाला चालत नव्हतं का?" असं त्याने सरळ विचारलं. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, तुझं वाजवणं चालत होतं रे, तुझी आई गात नव्हती. पुढच्या रविवारी आईच्या शेजारी बस आणि ऐक. तो बसला. आईला कुठल्या जागेपाशी दम लागतो, कुठे ती शब्द सोडते, हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर पट्टी उतरवण्याचं काम त्यानेच अंगावर घेतलं; त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. कीबोर्ड परत आला, पण तो आता गाण्याच्या खाली राहतो, वर चढत नाही. नवी गाणी बंद व्हावीत असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि आमच्या काही ज्येष्ठांशी माझं याच मुद्द्यावर वाजतं. देवाने 1919 नंतर कवी पाठवणं थांबवलेलं नाही. आम्ही दोघांनी मिळून नव्या गाण्यासाठी एक कसोटी ठरवली आहे: दफनभूमीत, वीज नसताना, वाद्य नसताना, मोबाईल न उघडता हे गाणं मंडळीला उभं करता येईल का? येत असेल तर जरूर घ्यायचं.

बेसूर गाणाऱ्यांचं काय, हे सगळेच विचारतात. आमच्यात एक गवंडीकाम करणारे भाऊ आहेत. लहानपणी कुणीतरी त्यांना "तू नुसता उभा राहा" म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून ते गायलेच नव्हते. वाद्य नसलेल्या त्या शेवटच्या कडव्यात एकदा त्यांचा आवाज निघाला, जाड, एकाच सुराशी अडलेला. कुणी वळून पाहिलं नाही. तो सूर आता आमच्या गाण्याचा भाग आहे. ते ऊसतोडीच्या भागात कामावर गेले की मला पोकळी जाणवते. सभोवती नीट गाणारे असले की असा माणूस महिन्या-दोन महिन्यांत सुराच्या जवळ येतो, हे मी पाहिलं आहे. अडचण खरी असते ती सुरेल पण चढ्या आवाजाच्या माणसाची. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1761 मध्ये गायनाच्या सूचना छापल्या, त्यात सगळ्यांनी गा असं जसं आहे, तसंच इतरांपेक्षा वर ऐकू जाईल असं ओरडू नका हेही आहे. तेवढी सूचना मी आमच्या एका जोरकस काकांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि आवाज खरोखर आवरला.

हिवाळ्यात निम्मी मंडळी गावात नसते. आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. शिकवणीत त्यांचं काय होणार ही काळजी होती. फेब्रुवारीत एका सुनेचा फोन आला, ऊसतोडीच्या तळावरच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून. म्हणाली, या महिन्याचं गीत पाठवा. मी यूट्यूबचा दुवा पाठवला, तर तिने परत फोन केला: "हे नको सिस्टर, आपल्या मंडळीचं पाठवा. आवाज ओळखू आले की म्हणता येतं." मग आम्ही रविवारी एका बाकावर मोबाईल ठेवून तसंच रेकॉर्ड केलं, खोकल्यासकट, लहान मुलाच्या रडण्यासकट. पुढे कळलं की त्या तळावर पाच-सहा कोप्यांतली माणसं रात्री बसून ते म्हणत, आणि त्यांतली दोन कुटुंबं आमच्यातली नव्हतीही.

पुनरुत्थानाचा सण त्या वर्षी 17 एप्रिलला आला. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे दफनभूमीत उपासना असते. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे काय झालं होतं ते मी जवळून पाहिलं आहे. प्लास्टिकच्या पोशाखातली चार माणसं, दुरून हात जोडणारा मुलगा, पाळकसाहेबांची घाईतली प्रार्थना. गीत नाही. एका गीताशिवाय माती देणं म्हणजे काय असतं ते आमच्या लोकांनाच कळेल. माणूस गेला त्यापेक्षाही "बाबांना गाऊन माती देता आली नाही" हेच घरोघरी बोललं जात होतं. त्या कबरी एका ओळीत आहेत, कारण माणसं एका ओळीने गेली.

आम्ही अंधारातच जमलो. हातात मेणबत्त्या, वाऱ्याने निम्म्या विझलेल्या. स्पीकर नव्हताच. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा वृत्तांत वाचला आणि मी पहिल्या गीताची पहिली ओळ धरली. दुसऱ्या ओळीला मला गाता येईना. मी थांबले, आणि गाणं थांबलं नाही. ते माझ्या मागून, बाजूने, कबरींच्या पलीकडून येत होतं. पुरुष खालून, बायका वरून, गवंडी भाऊ आपल्या एका सुरावर. चुलीपाशी मला गीतं सांगणाऱ्या आजींच्या धाकट्या मुलाची कबर त्या ओळीत आहे. त्या तिच्या कडेला बसल्या होत्या, एक हात मातीवर, आणि सगळी कडवी म्हणत होत्या. राहून गेलेली गीतं आम्ही त्या पहाटे एकेका कबरीपाशी थांबून म्हटली, ज्या घरचं जे आवडतं ते. कुणी पुस्तक उघडलं नाही. ऊन चढेपर्यंत चाललं. ज्येष्ठ पंच शेवटी माझ्याजवळ आले. मुदतीचा विषय त्यानंतर कुठल्याच सभेत निघाला नाही.

तेव्हापासून काम चालूच आहे. सगळे रविवार चांगले जात नाहीत. लग्नसराईत मंडळी विस्कटते, पावसाळ्यात कौलांवरच्या आवाजात गाणं बुडतं, आणि नवे पाळकसाहेब आले की पुन्हा सगळं समजावून सांगावं लागतं. शब्बाथ शाळेतल्या मुलांना आता आठवड्याला एक कडवं पाठ करायला देतो. घरी आजी-आजोबांकडून चाल शिकून यायचं, मोबाईलवरून नाही, अशी अट आहे. त्यातून एक मोठी अडचण वर आली. वहीतल्या काही गीतांची चाल आता आमच्याकडे फक्त दोन माणसांना येते, एक त्या आजी आणि दुसरे मला पेटी शिकवणारे आजोबा. छापलेल्या पुस्तकात शब्द आहेत, वर चालीचं नाव आहे, पण त्या नावाचं मूळ पद आज कुणी म्हणत नाही. ते दोघे गेले की ती गीतं मुकी होतील. म्हणून कीबोर्डवाला मुलगा आणि मी दर आठवड्याला त्यांच्याकडे बसतो, रेकॉर्ड करतो, तो स्वरलिपी लिहितो.

गेल्या खेपेला टिळकांच्या एका अभंगावरून दोघांचं जुंपलं. तिसऱ्या चरणाला आजी खाली उतरतात, आजोबा वर जातात, आणि दोघांचंही म्हणणं की आपली चाल आपल्या वडिलांकडून आलेली आहे. आजोबा पेटीवर वाजवून दाखवत होते, आजी त्यांच्या पेटीवर आवाज चढवून आपलीच म्हणत होत्या. मुलाने दोन्ही लिहून घेतल्या आहेत. येत्या रविवारी उपासनेआधी मंडळीला दोन्ही म्हणायला देणार आहोत.